रिमेक आणि सिक्वेल काढताय? या चुका टाळा

रिमेकचा प्रस्ताव मांडताना बहुतेकांचा पहिला मुद्दा असतो मूळ सिनेमाच्या कमाईचा. कथेची पाळी त्यानंतर. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. सिनेमा चालला, एवढ्यावर रिमेक उभा राहत नाही. तो कशाच्या जोरावर चालला आणि ती गोष्ट नव्या गावात, नव्या भाषेत सापडते का, हे आधी बघावं लागतं.

गाणी उचलली, गाव मागेच राहिलं

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. 'सैराट' (२०१६) आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक' (२०१८) लागोपाठ बघा, म्हणजे ती कुठे होते ते दिसेल. दोन्हीकडे संगीत अजय-अतुल यांचंच. 'झिंगाट' हिंदीतही वाजलं. पळून जाणारी जोडी, परकं शहर, बाळ, अनपेक्षित शेवट, हा सांगाडाही तोच. पण 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा आहे आणि त्यातला बराच वेळ एकाच कामाला दिलाय: या गावात कोण कुणासमोर मान खाली घालतो, ते दाखवायला.

वर्गातलं एक दृश्य घ्या. तास चालू असताना पाटलांचा प्रिन्स फोनवर बोलतोय. लोखंडे सर त्याला हटकतात, तो सरळ त्यांच्या कानाखाली वाजवतो, आणि त्याचं कुणीही काही वाकडं करू शकत नाही. प्रेमकथेच्या दृष्टीने हे दृश्य कापता येईल असं वाटतं. घाईतला लेखक ते कापतोच. पण याच थपडेमुळे प्रेक्षकाला कळतं, की पाटलांच्या आर्चीवर जीव टाकणारा परश्या विहिरीकाठी जे करतोय त्याची किंमत काय असणार आहे. पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या घाणीत आर्ची गुदमरते, कारखान्यात कामाला लागते, तेव्हा ती काय सोडून आली हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

'धडक'मध्ये गोष्ट उदयपूरला गेली. हवेल्या आल्या, तलाव आला, वडिलांची निवडणूक आली. जात मात्र एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली. शेवट बदलायला काहीच हरकत नव्हती, रिमेककर्त्याला तो हक्क असतोच. पण ज्या कारणासाठी माणसं मारली जातात ते कारण आधी दोन तास पुसट ठेवलं, तर शेवट नुसता धक्का होऊन बसतो. आणि राजस्थानात हे कारण शोधायला लांब जावं लागलं नसतं, हीच खरी हळहळ आहे.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. मूळ सिनेमाची पूर्ण दृश्ययादी हाताने लिहून काढा. साठ-सत्तर ओळी होतील. प्रत्येक दृश्यापुढे 'हे काढलं तर पुढचं कोणतं दृश्य लंगडं होतं?' याचं उत्तर लिहा. मग गाणी आणि नट बाजूला ठेवून एका ओळीत लिहा: नायकाची वाट नेमकी कोण अडवतं? जात, पैसा, पोलीस की घरमालक? तोच अडथळा नव्या गावात कोणत्या रूपात आहे, ते तिथे चार दिवस राहून बघा. सापडला नाही, तर रिमेक सोडा. यूट्यूबवर सारांश बघून पटकथा लिहायला बसणाऱ्यांना ही मेहनत नको असते. मग त्यांच्या पटकथेत प्रसंग येतात, कारणं येत नाहीत.

फक्त हिट सिनेमांकडे बघणं

हिटमध्ये सुधारायला फारसं काही उरलेलं नसतं. कल्पना चांगली पण सिनेमा गाजला नाही, असा माल शोधा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) ज्यावरून आला तो हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६) आज किती जणांना आठवतो? भाड्याची खोली हवी, पण घरमालकाला बिऱ्हाड हवं जोडप्याचंच, ही अडचण तेवढी घेतली. बाकी सगळं पुण्यात नव्याने रुजवलं. वसंत सबनीसांचे संवाद इतके इथले आहेत, की 'सत्तर रुपये वारले' दुसऱ्या भाषेत नेऊन दाखवा!

संपलेली गोष्ट पुन्हा सुरू करणं

सिक्वेलसाठी एकच कसोटी: पहिल्या भागाने काही उधारी मागे ठेवली आहे का? 'दृश्यम'ने ठेवली होती. मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा, हिंदी २०१५चा. निशिकांत कामत यांनी तो गोव्यात आणला आणि तो बसला, कारण केबलवाला, वयात आलेली मुलगी आणि पोलिसांचा धाक गोव्यातही आहेत. केबलवाल्याच्या घरात एक खून होतो आणि तो प्रेत लपवतो. शेवटी ते प्रेत कुठे आहे ते प्रेक्षकाला कळतं, पोलिसांना कळत नाही. ही झाली उधारी.

दुसऱ्या भागाने ती कशी वसूल केली ते बारकाईने बघा. नवा खलनायक आणला नाही, नवा खून घडवला नाही. त्याच जुन्या रात्री परत जाऊन एक साक्षीदार उभा केला: स्वतःच पोलिसांपासून पळणारा एक माणूस, ज्याने नायकाला, जिथे प्रेत पुरलं त्या अर्धवट बांधलेल्या पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना पाहिलं होतं. शिवाय मधल्या वर्षांनी घराची काय दशा केली तेही दाखवलं. मुलगी अजून सावरलेली नाही. गुन्हा पचला, घर पचवू शकलं नाही.

खून-पोलीस नसले तरी हाच हिशेब लागू होतो. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) फक्त दोन माणसांचा आणि एका दिवसाचा. २०१५च्या भागात लग्न आणि दोन्ही घरं आली, २०१८मध्ये मूल. दर वेळी त्याच जोडप्यापुढे पुढचा खरा प्रश्न होता, म्हणून भाग वाढवता आले. याउलट पहिल्या भागातले गाजलेले संवाद पुन्हा म्हणायला लावायचे आणि त्याला सिक्वेल म्हणायचं, हा आळस आहे. टाळी पडते ती जुन्या सिनेमासाठी.

छोट्या, पण बुडवणाऱ्या चुका

मूळ सिनेमा सबटायटल्ससह किंवा डब होऊन घराघरात पोचलेला असताना त्याचीच फ्रेम टू फ्रेम नक्कल करू नका.

नायकाचं वय वाढलं असेल तर गोष्टीतही वाढवा. केस काळे करून भागत नाही.

मूळ दिग्दर्शकच रिमेक करतोय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला नवी भाषा येते का ते बघा, नसेल तर संवादलेखक त्या मातीतला घ्या.

'जुना सिनेमा आहे, हक्क कशाला?' असं म्हणू नका. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो आणि मूळ कथा-कादंबरीचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे सिनेमा मोकळा झाला तरी कथा अडकलेली असू शकते. निर्मात्याची सही घेतली की काम झालं असं समजू नका, कथा कुणाच्या नावावर आहे ते तपासा.

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: कोणत्या भाषा, किती वर्षं, सिक्वेलचा हक्क कुणाकडे, आणि मूळ सिनेमाची तुमच्या भाषेतली डब आवृत्ती कुठे कुठे चालू आहे व ती कधी उतरवणार. चौथी अट शूटिंगचं वेळापत्रक ठरवण्याआधीच मान्य करून घ्या, नंतर कुणी दाद देत नाही.