ओपनटीटीडीचा शंभर वर्षांचा गेम: नकाशाची सेटिंग्ज कशी निवडावीत

ओपनटीटीडीमध्ये (वाहतूक कंपनी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम) १९५० ला सुरू केलेला गेम २०५० पर्यंत न्यायचा असेल, तर पहिली वीस-तीस वर्षं कोणत्याही नकाशावर मजेत जातात. एक कोळशाची खाण, एक वीजकेंद्र, चार गाड्या आणि पैसा सुरू. खरी अडचण नंतर येते. गावं फुगून एकमेकांना भिडतात, चौपदरी रूळ टाकायला सरळ पट्टा उरत नाही, आणि कॉम्प्युटरला गेमचा वेग झेपेनासा होतो. म्हणून नकाशा निवडताना डोळ्यांसमोर शेवटची पन्नास वर्षं ठेवा. नकाशा मोठा असण्यापेक्षा विरळ असणं लांब गेमसाठी जास्त महत्त्वाचं आहे, आणि खालच्या बहुतेक शिफारशी त्यातूनच निघतात.

आकार

प्रत्येक बाजू ६४ पासून ४०९६ टाइलपर्यंत ठेवता येते (टाइल म्हणजे नकाशाचा एक चौकोन). बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं: २५६×२५६ मध्ये ६५,५३६ टाइल असतात, १०२४×१०२४ मध्ये १०,४८,५७६. एकट्यानं खेळायला ५१२×५१२ पुरेसा आहे. लांब पल्ल्याच्या मुख्य मार्गांची हौस असेल तर १०२४ घ्या. त्याच्या पुढचा नकाशा एकट्याच्या हातून सहसा भरत नाही.

अंतराचा हिशेब आधीच करून बघा. ताशी १०० किमी वेगाची गाडी १० टाइल सुमारे २.८ दिवसांत कापते, म्हणजे ५०० टाइलना १४० दिवस. तेवढ्या वेळात प्रवाशांचं भाडं पूर्ण दराच्या ६५ टक्क्यांवर येतं, कोळशाचं ८० टक्क्यांवर. प्रवाशांचं भाडं पहिल्या दिवसापासून उतरायला लागतं आणि ६० दिवसांनंतर दुप्पट वेगानं उतरतं. कोळशाला पहिले १७ दिवस काहीच फरक पडत नाही. सुरुवातीच्या, ताशी ५६ किमी वेगाच्या बसनं हेच अंतर गाठायचं म्हटलं तर हातात जेमतेम एक-तृतीयांश भाडं पडतं. थोडक्यात, मोठ्या नकाशाची दोन टोकं बसनं जोडायच्या फंदात पडू नका.

गावं आणि कारखाने

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, कारण ‘नॉर्मल’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. ‘नॉर्मल’ म्हणजे २५६×२५६ वर २३ ते ३० गावं, आणि हा आकडा क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. १०२४ च्या नकाशावर तो चारशेच्या आसपास जातो. चारशे गावं शंभर वर्षं वाढली की मोकळी जमीन शोधावी लागते. ‘व्हेरी लो’ निवडा: ५१२ वर साधारण २० ते ४८ गावं मिळतात, १०२४ वर ८० ते १९२. नेमका आकडा हवा असेल तर ‘कस्टम’मध्ये ४० किंवा १२० लिहा.

शहरांचं प्रमाण मुळात चारात एक असतं, आणि शहरं इतर गावांपेक्षा भराभर वाढतात. ते आठात एक करा. हे प्रमाण फक्त नकाशा तयार होताना लागू होतं, नंतर बदलून उपयोग नाही. वाढीचा वेग मात्र गेम चालू असतानाही बदलता येतो. तो ‘स्लो’वर ठेवून सुरुवात करा.

कारखान्यांची घनता ‘लो’ ठेवा. अर्थव्यवस्थेच्या प्रकारात ‘स्मूद’ घ्या. ‘ओरिजिनल’मध्ये उत्पादन एका झटक्यात निम्मं होऊ शकतं आणि खाणीभोवती उभारलेलं मोठं स्टेशन ओस पडतं. टेम्परेट (समशीतोष्ण) हवामानात तेलविहिरींवर भिस्त ठेवू नका. त्यांचं उत्पादन फक्त घटतं, वाढत नाही.

हवामानात आमची पसंती सब-आर्क्टिकला. हिमरेषेवरची गावं अन्न पोचल्याशिवाय वाढतच नाहीत, त्यामुळे कोणतं गाव कधी मोठं होऊ द्यायचं हे तुमच्या हातात राहतं. बर्फाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर दोन्ही प्रकारची गावं मिळतात. सब-ट्रॉपिकलमध्ये वाळवंटातल्या गावांना अन्नाबरोबर पाणीही लागतं. तिथे सुरुवातीला पैशाची ओढाताण जास्त होते.

जमीन

‘हिली’ आणि ‘स्मूद’ ही जोडी घ्या. डोंगर उंच असले तरी चालतात, कारण त्यांना वळसा घालता येतो किंवा बोगदा काढता येतो. त्रास ‘रफ’ आणि ‘व्हेरी रफ’चा होतो. तिथे दर चार-पाच टाइलवर एक उंचवटा असतो, प्रत्येक स्टेशनासाठी जमीन सपाट करावी लागते आणि सुरुवातीचं कर्ज त्यातच संपतं. ‘व्हरायटी’ मध्यम ठेवली की एकाच नकाशावर पठार आणि डोंगर दोन्ही येतात. समुद्र ‘लो’, नद्या थोड्या.

महाराष्ट्राचा नकाशा वापरायचा असेल तर

हाइटमॅप, म्हणजे जमिनीची उंची छटांनी दाखवणारा नकाशा, म्हणून करड्या छटांचं पीएनजी चित्र घेता येतं. काळा म्हणजे समुद्र, पांढरा म्हणजे सर्वांत उंच जागा. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किमी आहे, म्हणजे १०२४ टाइलवर एक टाइल साधारण ८०० मीटरची. कोकणपट्टीला मग साठेक टाइल रुंदी मिळते. बंदरं, गावं आणि उत्तर-दक्षिण मार्ग त्यात नीट बसतात.

कस लागतो तो घाटात. कळसूबाई १६४६ मीटर, पुणे सुमारे ५६० मीटर. आयात करताना सर्वोच्च शिखराची उंची ६० पायऱ्या ठेवली तर एक पायरी २७ मीटरची होते आणि पठार विसाव्या पायरीवर जातं. शेजारच्या दोन टाइलमध्ये एकापेक्षा जास्त पायरीचा फरक गेम ठेवत नाही, त्यामुळे सह्याद्रीचा कडा वीस टाइलचा सलग चढ बनतो. सात टाइल लांबीची मालगाडी त्यावर पुरती मंदावते आणि मागच्या सगळ्या गाड्या सिग्नलला तुंबतात. शिखर ३० ठेवा. मग पठार दहाव्या पायरीवर येतं, आणि मध्ये दोन-तीन सपाट टप्पे कोरून घाट चढवता येतो. चित्र आयात करण्याआधी हलकं ब्लर करा, नाहीतर विदर्भाच्या सपाटीवरही एकेका टाइलचे खड्डे-उंचवटे येतात.

गावं आपोआप पाडू नका. हाइटमॅप सिनॅरिओ एडिटरमध्ये (गेममधलं नकाशे बनवायचं साधन) उघडून मुंबई, पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर अशी तीस-चाळीस गावं हातानं ठेवा आणि नावं देवनागरीत लिहा.

काळ

२०२४ च्या १४.० आवृत्तीपासून टाइमकीपिंगमध्ये (गेममधला काळ मोजण्याची पद्धत) ‘वॉलक्लॉक’ हा पर्याय आहे, आणि लांब गेमसाठी त्याच्याइतकी उपयोगी सोय दुसरी नाही. मूळ वेगात वर्ष १२ मिनिटांचं असतं. शंभर वर्षं २० तासांत संपतात. एखादं इंजिन आवडायला लागेपर्यंत पुढचं येतं. वॉलक्लॉकमध्ये वर्षाची मिनिटं ४८ केली की तीच शंभर वर्षं ८० तास चालतात, आणि गाड्यांचा वेग किंवा उत्पादन बदलत नाही. शून्य लिहिलं तर तारीख गोठते. टाइमकीपिंगचा प्रकार गेम सुरू झाल्यावर बदलता येत नाही. तो आधी ठरवा.

महागाई बंद ठेवा. खर्च भाड्यापेक्षा जास्त वेगानं वाढतो, आणि शंभर वर्षांत ती तफावत चांगलीच जाणवते. ‘व्हेइकल्स नेव्हर एक्स्पायर’ चालू आहे ना, हे तपासा, नाहीतर जुनी मॉडेलं विक्रीतून जातात आणि फार पुढे गेल्यावर विकत घ्यायला काहीच उरत नाही. गाड्यांची मर्यादा मुळात ५०० रेल्वे, ५०० रस्त्यावरची वाहनं, २०० विमानं, ३०० जहाजं अशी असते. ती कधीही वाढवता येते, त्यामुळे सुरुवातीला तिला हात लावायची गरज नाही.

कार्गो डिस्ट्रिब्यूशन (कोण किंवा काय कुठे जाणार हे गेमनं ठरवण्याची सोय) प्रवाशांसाठी ‘सिमेट्रिक’ ठेवा, म्हणजे दोन्ही दिशांना सारखे प्रवासी; मालासाठी ‘मॅन्युअल’, म्हणजे ठरवणं तुमच्याकडे. जाळं वाढल्यावर गेम मधूनमधून थबकायला लागला, तर मार्गांच्या फेरगणनेसाठी दिलेला वेळ दुप्पट किंवा चौपट करा. प्रवासी नवीन मार्गाकडे जरा उशिरा वळतील, पण गेम अडकणार नाही.

पहिलं स्टेशन बांधण्याआधी

न्यूजीआरएफ (नवी वाहनं, इमारती वगैरे देणाऱ्या जोड-फायली) आधीच निवडा. चालू गेममध्ये ते घातले-काढले की सेव्ह बिघडू शकतो. मग नकाशा तयार करा आणि खेळायला न लागता पाच मिनिटं फक्त पाहा. गावांची यादी लोकसंख्येनुसार लावा: पहिली पाच एकाच कोपऱ्यात असतील तर नकाशा टाकून द्या. प्रत्येक कच्च्या मालाला १०० ते २०० टाइलवर घेणारा कारखाना आहे का ते बघा. मधल्या भागात किमान एक वीस टाइल रुंद सपाट पट्टा हवा. पुढे मोठं जंक्शन तिथेच होणार आहे. पसंत पडला तर कन्सोलमध्ये (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘गेटसीड’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करून ‘सीड’, म्हणजे ज्यावरून नकाशा तयार होतो तो आकडा, सेटिंग्जसकट टिपून ठेवा. तोच आकडा आणि तीच सेटिंग्ज दिली की तोच नकाशा पुन्हा मिळतो.