टीआरएस-८० मॉडेल १०० ऑफिसात पुन्हा वापरायचा तर

बैठकांचं इतिवृत्त लिहिणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यासाठी मी १९८३ सालचा टीआरएस-८० मॉडेल १०० हा सेलवर चालणारा छोटा संगणक वापरते. जाड वहीएवढं यंत्र, वजन दीड किलोच्या आत. स्क्रीनवर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं. बटण सरकवलं की लगेच मेनू येतो, आणि टाइप केलेलं थेट मेमरीतच राहत असल्यामुळे वेगळं सेव्ह करावं लागत नाही. बैठकीत नोटिफिकेशन नाही, दुसरी खिडकी नाही. माझं लक्ष बोलणाऱ्याकडे राहतं, म्हणून मला हे यंत्र हवं असतं.

जुना मॉडेल १०० मिळाला की आधी चालू करून बघायचा मोह आवरा. तळाचे स्क्रू काढून तो उघडा, पण वरचा भाग झटक्यात उचलू नका. स्क्रीन आणि कीबोर्डच्या केबल खालच्या बोर्डात अडकवलेल्या असतात. बोर्डवर ३.६ व्होल्टची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी झाळलेली दिसेल. मुख्य सेल बदलताना मेमरी जिवंत ठेवणं एवढंच तिचं काम. पण इतक्या वर्षांत ती गळते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. माझ्या मते मॉडेल १००चा खरा शत्रू हीच बॅटरी. ती काढून टाका. हिरवट-पांढरी पूड दिसली तर कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. नवी बॅटरी चार्ज होणारीच हवी. यंत्र तिला सतत चार्ज करत असतं, त्यामुळे साधा लिथियम सेल तिथे धोकादायक ठरेल. बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) हेही वयाने गळतात. झाळकामाचा हात नसेल तर जाणकाराकडून बदलून घ्या.

आता चार डबल-ए सेल घाला. अॅडॉप्टर लावायचा असेल तर फार जपून: याला ६ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक अॅडॉप्टरच्या बरोबर उलट. मी सेलच वापरते, ते तासन्‌तास पुरतात. तळाचा ‘मेमरी पॉवर’ स्विच ऑन नसेल तर यंत्र दाद देणार नाही, हेही तपासा.

टिपलेला मजकूर संगणकावर घ्यायला यूएसबी-सिरीयल केबल लागते; ती कंपनीच्या संगणकाला जोडण्याआधी आयटी विभागाला विचारा. केबल आणि मॉडेल १०० यांच्या मध्ये नल मोडेम, म्हणजे पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची अदलाबदल करणारा जोड, लागतो. तो नसेल तर दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. मॉडेल १००वर टेलकॉम हा मजकूर पाठवण्याचा प्रोग्रॅम उघडा, एफ३ दाबून ‘88N1E’ टाइप करा. म्हणजे ९६०० बॉड (वेग), आठ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही, एक स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) आणि एक्सऑन-एक्सऑफ (‘थांब’ आणि ‘पाठव’ हे इशारे) सुरू. संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्येही (केबलवरून आलेला मजकूर दाखवणाऱ्या) हेच ठेवा आणि आलेला मजकूर फाइलमध्ये साठवण्याची सोय चालू करा. मग मॉडेल १००वर एफ४ने टर्मिनलमध्ये जा, एफ३ दाबा, फाइलचं नाव द्या. रुंदी विचारली की नुसतं एंटर, म्हणजे परिच्छेद तुटत नाहीत. सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जात असतील तर संगणकावरच्या टर्मिनलमध्ये सीआरच्या (ओळीच्या सुरुवातीला परत जा) जागी सीआर-एलएफ (परत जा आणि पुढची ओळ घे) घ्या.

देवनागरी अर्थातच नाही. मराठी बोलणं मी रोमन अक्षरांत टिपते आणि पक्का मसुदा करताना संगणकावर देवनागरीत उतरवते. त्या दुसऱ्या लेखनात इतिवृत्त आपोआप घट्ट होतं, म्हणून मला ते जास्तीचं काम वाटत नाही.

मेमरी जास्तीत जास्त ३२ केबी. तेव्हा बैठक संपली की त्याच दिवशी फाइल संगणकावर घ्या, उघडून शेवटची ओळ आल्याची खात्री करा आणि मगच यंत्रातल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत जाऊन ‘KILL’ने मूळ फाइल पुसा. लांब रजेवर जाताना सगळं उतरवून झालं की सेल काढा आणि मेमरी पॉवर बंद करा.