रेपो कपात आपल्या हप्त्यापर्यंत कशी आणायची

मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला चालना द्यायला रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, उतरवते. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून तो 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला. सीआरआरही (बँकांनी ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा तो) टप्प्याटप्प्याने 4 वरून 3 टक्के झाला, म्हणजे बँकांकडे कर्जासाठी पैसा मोकळा.

पण कपात सगळ्यांपर्यंत लगेच पोचत नाही. आधी कर्जाच्या मंजुरीपत्रात व्याजदर कशाशी जोडलाय ते पाहा. बँकेचं रेपोशी जोडलेलं गृहकर्ज असेल तर व्याजदर तीन महिन्यांत बदलायलाच हवा. एमसीएलआरवर (बँकेच्या स्वतःच्या निधी-खर्चावरून ठरणाऱ्या दरावर) असेल तर कपात वर्षभरही अडकते. अर्ज देऊन रेपोवर वळवून घ्या, शुल्क आधी विचारा.

30 लाख, 20 वर्षं: 8.5 टक्क्यांना हप्ता 26,035 रुपये, 7.5 ला 24,168. बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत घटवते. झेपत असेल तर तसंच राहू द्या, व्याज खूप वाचतं.