अपनयन की अपहरण? घटनेवरून गुन्हा कसा ओळखावा

कोणालाही पळवून नेले की आपण सरसकट ‘अपहरण’ म्हणतो. भारतीय कायद्याच्या मराठी परिभाषेत मात्र अपनयन आणि अपहरण असे दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि तक्रार देताना हा फरक ठाऊक असेल तर नेमके काय सांगायचे हे कळते.

सर्वप्रथम वय पाहावे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला किंवा विकल मनाच्या (मानसिक संतुलन नसलेल्या) व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून त्याच्या रखवालीतून नेणे किंवा फूस लावून नेणे म्हणजे अपनयन. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत मुलग्यासाठी ही मर्यादा १६ वर्षांची होती. येथे बळजबरी झाली का, हा प्रश्नच येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीने ‘मी माझ्या मर्जीने गेले’ असा जबाब दिला, तरी संमती पालकाची पाहिली जाते. मात्र ‘नेले’ हे सिद्ध व्हावे लागते. एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरची, समजत्या वयाची मुलगी आपणहून घर सोडून आली आणि आरोपीने तिला केवळ सोबत येऊ दिले, तर ते ‘नेणे’ होत नाही. म्हणून पुढाकार कोणाचा होता, आधी आमिष किंवा वचन दिले होते का, हे बारकाईने विचारावे. अशा प्रकरणांत दोन्ही घरांचे भवितव्य याच उत्तरावर अवलंबून असते.

व्यक्ती प्रौढ असेल, तर तिला कसे नेले हे पाहावे. कलम १३८ नुसार कोणत्याही वयाच्या व्यक्तीला बळाने भाग पाडून किंवा फसवून एखाद्या ठिकाणाहून जायला लावणे म्हणजे अपहरण. ‘तुमच्या वडिलांना दवाखान्यात हलवलंय, लगेच चला’ असे खोटे सांगून तीस वर्षांच्या माणसाला गाडीत बसवले, तर हात न लावताही अपहरण घडते. तो सारे समजून-उमजून, खुशीने गेला असेल तर नाही. अपवाद एकच: प्रौढ व्यक्तीला तिच्या संमतीवाचून भारताबाहेर नेणे हेही अपनयनच आहे.

नुसत्या अपहरणाला स्वतंत्र शिक्षा नाही, हे अनेकांना माहीत नसते. त्यामागचा हेतू दाखवावा लागतो: खून, खंडणी, गुप्तपणे डांबून ठेवणे (कलम १४०) किंवा स्त्रीला लग्नास भाग पाडणे (कलम ८७). म्हणून खंडणीचा फोन किती वाजता आला, धमकीचे शब्द कोणते होते, हे तक्रारीत जसेच्या तसे लिहावे. अपनयन रखवालीतून बाहेर काढताक्षणी पूर्ण होते, अपहरण मात्र व्यक्तीला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले जात असेपर्यंत चालूच राहते. त्यामुळे अपनयनाच्या तक्रारीला मुलाचा जन्मदाखला जोडावा, तर अपहरणाच्या तक्रारीत वाटेतले प्रत्येक ठिकाण नोंदवावे.