पे द नॉन: तळलेली हलकी फ्रेंच पेस्ट्री कशी करावी आणि तिच्यात उष्मांक किती

फ्रान्समध्ये लेंटच्या उपवासकाळाआधी येणाऱ्या मार्दी ग्राच्या दिवशी तळणीचे गोड पदार्थ करण्याची जुनी रीत आहे. पे द नॉन हा त्यांतलाच एक. नावाचा शब्दशः अर्थ ‘ननचा पाद’ असा होतो, म्हणून संकोची मंडळी त्याला ‘ननचा सुस्कारा’ म्हणतात. यात यीस्ट नसते आणि सोडाही नसतो. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन तीच गोळा फुगवते.

सुमारे तीस नगांसाठी १२५ मिली पाणी, ५० ग्रॅम बिनमिठाचे बटर, एक चमचा साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र उकळावे. उकळी येताच आच बंद करून ७५ ग्रॅम मैदा एकदम घालावा आणि लाकडी उलथन्याने जोरात घोटावे. मोदकाची उकड काढणाऱ्यांना ही कृती परकी वाटणार नाही. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की मंद आचेवर आणखी दोन मिनिटे परतून त्यातला जादा ओलावा घालवावा. तो कोमट झाल्यावरच दोन अंडी फेटून थोडी थोडी मिसळावीत, कारण गरम पिठात अंडे शिजून गुठळ्या होतात. पीठ चकचकीत दिसावे आणि चमच्यावरून सावकाश खाली सरकावे; ते पातळ वाटू लागल्यास उरलेले अंडे घालू नये.

खरी कसोटी तळणीची. तेल १७० अंशांच्या आसपास असावे. ते फार तापले असेल तर वरचे कवच आधीच कडक होते आणि आतल्या वाफेला गोळा ताणता येत नाही. फार थंड असेल तर तो तेल पितो. सुपारीएवढे गोळे मोजकेच सोडावेत. फुगताना ते बहुधा आपणच कूस बदलतात, मात्र सोनेरी रंग दिसताच काढण्याची घाई करू नये, कारण पुरते न तळलेले गोळे बाहेर येताच बसतात. पाच-सहा मिनिटे लागतात.

पोषणाच्या हिशेबात मात्र हा हलकेपणा फसवा आहे, कारण आत पोकळी असली तरी कवच बटर आणि मैद्याचेच आहे. वरील साहित्यात तळणीपूर्वी सुमारे ८०० किलोकॅलरी, ५० ग्रॅम स्निग्धांश आणि २० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे नगामागे सुमारे २७ किलोकॅलरी झाल्या. त्याने एक ग्रॅम तेल शोषले तर ९ आणि वरून एक ग्रॅम पिठीसाखर पडली तर ४ वाढून आकडा चाळिशीत जातो. सहा नग खाल्ले की सुमारे २४० किलोकॅलरी पोटात जातात, प्रथिने मात्र जेमतेम चार ग्रॅम. तंतू तर नगण्यच. आपल्या घरचा नेमका आकडा हवा असल्यास तळणीआधी आणि तेल निवल्यावर तेलासकट कढईचे वजन करावे; फरक म्हणजे शोषलेले तेल.

पिठीसाखर भुरभुरून लगेच वाढावे. तासाभरात कवच मऊ पडते.