फायरफॉक्सचा कोड लॅपटॉपवर बांधताना वेळ वाचवा

फायरफॉक्ससाठी पहिला पॅच (कोडमधला बदल) लिहायला बसावं, तर सी++ आणि रस्ट या भाषांमधला सगळा कोड कंपाइल होण्यातच, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलण्यातच, जुन्या लॅपटॉपचे काही तास जातात. तुमचा बदल बटणाच्या रंगाचा किंवा जावास्क्रिप्टचा असेल, तर हे कंपाइल करायची गरजच नाही.

१. विंडोजवर आधी मोझिलाबिल्ड (बिल्डसाठी लागणाऱ्या साधनांचा संच) टाका, मग कोड क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत लॅपटॉपवर उतरवा.
२. कोडसोबत येणाऱ्या 'माक' (mach) या साधनाची 'माक बूटस्ट्रॅप' ही आज्ञा चालवा. कुठली आवृत्ती बांधायची असं विचारलं की डेस्कटॉपचा 'आर्टिफॅक्ट मोड' निवडा. नुसतं 'डेस्कटॉप' निवडलंत, तर पूर्ण कंपाइल नशिबी आलंच.
३. 'माक बिल्ड' द्या. आर्टिफॅक्ट मोडमुळे कंपाइल होण्याऐवजी मोझिलाच्या सर्व्हरवर आधीच तयार असलेल्या बायनरी (कंपाइल झालेल्या) फायली उतरतात.
४. 'माक रन' दिलं की तुमचा ब्राउझर उघडतो, वेगळ्या प्रोफाइलसह. रोजच्या फायरफॉक्सचे बुकमार्क सुखरूप.

पुढे प्रत्येक बदलानंतर 'माक बिल्ड फास्टर' पुरतं.

एक मात्र सांभाळा: या मोडमध्ये सी++ किंवा रस्टच्या फाइलमध्ये केलेला बदल बिल्डमध्ये उतरतच नाही, आणि बिल्ड यशस्वी झाल्याचंच दिसतं. तिथे हात घालायचा असेल तर मोझकॉन्फिग या बिल्डच्या सेटिंग्जच्या फाइलमधली आर्टिफॅक्टची ओळ काढा, 'माक क्लॉबर' करून जुनं बिल्ड पुसा आणि पूर्ण बिल्ड रात्री लावून ठेवा.