विभागप्रमुखाने स्टाफशी बोलायचं कसं

बडोद्यातल्या एका सायन्स कॉलेजात मी तीन वर्षं रसायनशास्त्राची विभागप्रमुख होते. आता निवृत्त होऊन दांडिया बाजारातल्या घरी असते. गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी आली. तिच्याकडे नुकतंच प्रमुखपद आलंय. ‘मॅडम, लोकांकडून कामं करून कशी घ्यायची?’ तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी आपल्या हातात काय नाही ते ओळखा. पगारवाढ तुम्ही देत नाही, कुणाला काढू शकत नाही, आणि तुमची प्रमुखपदाची पाळी संपली की आज ज्याच्यावर डाफरलात तोच उद्या तुमचं टाइमटेबल लावणार. हातात उरतं ते बोलणं.

जेरेमाया सलिव्हन या अभ्यासकाने १९८८ मध्ये या बोलण्याचे तीन भाग सांगितले: काय करायचं ते नेमकं सांगणं, समोरच्याची माणूस म्हणून विचारपूस करणं, आणि कामाला अर्थ काय ते उलगडणं. बहुतेक प्रमुख पहिलंच करतात, तेही धड नाही.

माझंच बघा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला दरवर्षी गुणवत्ता अहवाल जातो, एक्यूएआर. पहिल्या वर्षी मी ग्रुपवर टाकलं, ‘सर्वांनी माहिती लवकरात लवकर द्यावी.’ अकरा अंगठे आले, माहिती एकाचीही नाही. विचारलं की उत्तर ‘थई जशे, बेन’ (होऊन जाईल, ताई). शेवटी चिडून मी एका सहकाऱ्याचं नाव घेऊन ग्रुपवरच सुनावलं. पुढे दोन महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. त्याचे वडील तेव्हा दवाखान्यात होते, आणि मी साधं विचारलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी एकेकाच्या टेबलाशी गेले. ‘गेल्या वर्षीचे पेपर आणि पीएचडीचे विद्यार्थी, एवढेच दोन रकाने भरायचे, शुक्रवारी चारपर्यंत. हीच यादी तुमच्या प्रमोशनच्या फाइललाही लागेल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नॅकची ग्रेड कॉलेजची असते, प्रमोशनची फाइल त्याची स्वतःची. अर्थ तिथून उलगडायला सुरुवात करा. उदात्त भाषण प्राध्यापकांपुढे करू नये, ते स्वतः रोज करतात.

आणि ‘घरी सगळं ठीक?’ विचारलंत तर उत्तर ऐकेपर्यंत थांबा. हातात फोन धरून विचारण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

नेतृत्वाच्या शैलींबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये आपला प्रयोग मांडला, तो मुखवटे बनवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांवर केलेला होता (तरी प्राध्यापकांना लागू पडतो, यात मला नवल वाटत नाही). हुकमी गटातलं काम म्होरक्या बाहेर गेला की मंदावायचं, सल्लामसलतीने चालणारा गट काम करत राहायचा. पण म्हणून उठसूट मीटिंग घेऊ नका. लॅबमध्ये ॲसिड सांडलं तर सरळ हुकूम सोडा. नव्या शिक्षकाला शेजारी बसवून दाखवा. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्याला तारीख सांगा आणि त्याच्या वाटेला जाऊ नका.

शेवटची गोष्ट शब्दांची. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ होतं, तिथे त्यांनी ‘सर्व माणसं’ करायला लावलं. हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेन! पण माझ्याच मीटिंगच्या नोटिशीवर वर्षभर ‘सर्व कायम प्राध्यापकांना’ असं छापलेलं होतं. जुना मसुदा, कुणी बदललाच नव्हता. निम्मी प्रॅक्टिकलं हंगामी शिक्षक घ्यायचे, आणि ते मीटिंगला येत नव्हते. मी ‘सर्व शिकवणाऱ्यांना’ असं केलं. तुमचीही नोटीस एकदा काढून वाचा.

पुढच्या मीटिंगला त्या हंगामी शिक्षकांतला एकजण मागच्या बाकावरून म्हणाला, ‘मॅडम, बॅचला तेवीस मुलं आहेत आणि ब्युरेट चौदा.’ चार वर्षं तो मोजमापाच्या या काचेच्या नळ्यांवर मुलांच्या जोड्या लावून टायट्रेशनचं प्रॅक्टिकल शिकवत होता.